हॉलमधली नवी भिंत : सोलापुरात बिऱ्हाड थाटणाऱ्यांसाठी

जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड, कुठेही घर बघा. बऱ्याचदा हॉल ऐसपैस मिळतो आणि खोल्या कमी पडतात. मग पोरगी दहावीत गेली, की मधे एक भिंत हवीशी वाटते. विटेची भिंत भाड्याच्या घरात मालक घालू देत नाही, स्लॅबवर वजन येतं ते वेगळंच. म्हणून जिप्सम बोर्डाचं पार्टिशन. मी 2003 साली चिपळूणहून बदलीवर आलो तो इथलाच झालो, आणि ओळखीच्यांच्या घरी अशी पाच-सहा पार्टिशनं होताना मिस्त्रीच्या हाताखाली राबलोय. पहिलं माझ्याच घरातलं. ते बिघडलं, म्हणून हे सांगतोय.

बोर्ड मोजताना नुसता भागाकार करू नका. माझा हॉल 12 फूट रुंद, उंची 10 फूट, दार 7 बाय 3 चं, कडेच्या भिंतीला लागून. एका बाजूचे 120 चौरस फूट, दार वजा जाता 99, दोन्ही बाजूंचे 198. इथे सहज मिळणारा बोर्ड 6 बाय 4 चा, म्हणजे 24 चौरस फूट. भागाकार सव्वाआठ आला, मी ऐटीत नऊ आणले. लागले दहा. एका बोर्डासाठी टेम्पोचं भाडं पुन्हा भरलं, आणि मिस्त्री अण्णा गालात हसले, “बोर्ड काय पातळ भाजी आहे का साहेब, उरलेलं ओतून भागवायला?”

त्यांचं बरोबर होतं. 10 फूट उंचीला एक अख्खा बोर्ड आणि वर चार फुटांचा तुकडा लागतो. दोन फूट उरतात. चार-चार फूट रुंदीच्या दोन अख्ख्या उभ्या रांगांचे चार बोर्ड. दाराच्या रांगेत एकच बोर्ड, एल आकारात कापून, म्हणजे दाराच्या कोपऱ्यावर सांधा येत नाही. सांधा तिथे आला की दार आपटेल तशी चीर पडते. त्याच्या खालची एक फुटाची पट्टी उरलेल्या तुकड्यातून निघते. एका बाजूला पाच, दोन्ही मिळून दहा. भिंत कागदावर काढा, तिच्यावर बोर्डांच्या चौकटी आखा आणि मग मोजा. शेजारच्या रांगेत अख्खा बोर्ड खाली असेल तर पुढच्या रांगेत वर ठेवा, आडवे सांधे एका रेषेत नकोत.

उभे स्टड (पत्र्याचे खांब) दोन-दोन फुटांवर. दाराच्या बाजूचा धरून सात, एक जास्तीचा आणा. खाली-वरच्या आणि दारावरच्या चॅनेलला (स्टड ज्यात बसतात ती पत्र्याची पन्हळ) बारा फुटी तीन नग. आडव्या सांध्यामागे चॅनेलचा तुकडा हवाच. स्क्रू 25 मिलिमीटरचे, बोर्डामागे तीसेक. डोकं किंचित आत जावं पण वरचा कागद फाटू नये. सांध्यांवर बसवायची कागदी टेप, कोपरे धरून, शंभर-सव्वाशे फूट.

आता सांधे. खरं काम इथेच आहे, आणि सोलापूर चिपळूणपेक्षा वेगळं पडतं तेही इथेच. आमच्याकडे पावसाळ्यात लांबी (सांध्यात भरायची पुट्टी) दोन-दोन दिवस सुकत नाही. इथे एप्रिलमध्ये पारा चाळीसच्या वर, स्लॅब तव्यासारखा, आणि माणसं घाईने पंखा फुल सोडतात. मग जाड भरलेल्या सांध्याचं तोंड सुकतं, पोटात ओल राहते, आणि ती आवळताना मधोमध केसासारखी चीर उमटते. माझ्याकडे तर टेपच न लावता पीओपी भरून दिलं होतं. महिन्याभरात प्रत्येक सांधा मोजता येत होता.

सांध्यात आधी पातळ थर, त्यात कागदी टेप पत्र्याने दाबून बसवायची. टेपखाली माल कमी पडला तर फुगा येतो. तो कापून पुन्हा करा, वरून झाकू नका. दुसरा हात आठ-दहा इंच रुंद, तिसरा फूटभर. बोर्डाच्या लांब कडा मुळात दबलेल्या असतात, तिथे एवढं पुरतं. आडव्या, कापलेल्या कडांना तशी खाच नसते. तिथे उंचवटा लपवायला दीड-दोन फुटांपर्यंत पसरवावं लागतं. प्रत्येक हात पूर्ण सुकल्यावरच पुढचा. पंखा बंद, ऊन येणाऱ्या खिडकीवर जुनी चादर (ती इथे प्रत्येक घरात निघतेच).

पावडरचा माल कालवत असाल तर घमेलं दरवेळी घासून घ्या, जुना घट्ट झालेला कण राहिला की नवा माल हातातच आवळतो. बोरच्या क्षारी पाण्यापेक्षा नळाचं वापरा.

पाण्याचंच निघालं म्हणून. इथे पाणी येईल त्या दिवशी पिंपं भरतात आणि फरशीवर बादल्या ओततात. माझ्या भिंतीची खालची कड तशीच भिजून मऊ पडली. बोर्ड फरशीपासून अर्धा इंच वर ठेवा, फट सिलिकॉनने बंद करा आणि त्यावर स्कर्टिंग लावा. मोरीच्या बाजूला साधा बोर्ड नको, ओलीसाठीचा हिरवा घ्या.

काम डिसेंबर ते फेब्रुवारीत काढा. फक्त संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा असते, त्या दिवसांत मिस्त्री गड्ड्यावर (यात्रेच्या जत्रेत) असतात. तारीख आधीच विचारून घ्या. पॉलिश पेपर मारून झाला, की रंगाआधी एका रात्री दिवे घालवून मोबाइलची बॅटरी भिंतीला टेकवून धरा. जिथे सावली पडेल तिथे पेन्सिलने खूण करा, आणि अण्णांना पैसे त्यानंतर द्या.