स्पेलचे कॉम्बो टेबलावर का फसतात? या चुका टाळा

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर चालणाऱ्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीत जादूगार खेळणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या वहीत एखादा कॉम्बो, म्हणजे एकत्र वापरायच्या स्पेलचा (मंत्रांचा) जोड, लिहून ठेवलेला असतो. सेशनच्या दिवशी तो मोठ्या उत्साहानं जाहीर होतो, डीएम (खेळ चालवणारा) स्पेलचं वर्णन वाचायला घेतो आणि कॉम्बो तिथेच गळतो. डीएमच्या खुर्चीत बसून मी हे इतक्यांदा पाहिलंय की आता खेळाडूंना आधीच सांगते: स्पेल काय करतो हे नंतर बघा, आधी कास्टिंग टाइम (टाकायला लागणारा वेळ), रेंज (पल्ला) आणि ड्युरेशन (किती वेळ टिकतो) वाचा.

त्याच्याही आधी एक प्रश्न: तुमचं टेबल २०१४च्या नियमांवर चालतं की २०२४च्या? क्लेरिकचा (देवाच्या शक्तीनं जादू करणाऱ्या पात्राचा) लाडका जोड घ्या, स्पिरिट गार्डियन्स आणि स्पिरिच्युअल वेपन. २०१४मध्ये दुसऱ्या स्पेलला कॉन्सन्ट्रेशन (लक्ष टिकवून ठेवणं, जे एका वेळी एकाच स्पेलवर जमतं) लागत नाही, म्हणून दोन्ही एकत्र चालतात. २०२४मध्ये त्यालाही कॉन्सन्ट्रेशन लागतं, त्यामुळे हा जोडच संपला. जुन्या व्हिडिओत बघितलेला कॉम्बो नव्या पुस्तकासमोर नेलात तर वाद ठरलेलाच.

हा जोड २०१४मध्येही एकाच टर्नमध्ये बसत नाही. तिथला नियम असा: बोनस अ‍ॅक्शननं (टर्नमध्ये मुख्य अ‍ॅक्शनखेरीज मिळणारी छोटी कृती) कोणताही स्पेल टाकला, की त्या टर्नमध्ये दुसरा स्पेल म्हणून फक्त एक अ‍ॅक्शन लागणारी कॅन्ट्रिप (साठा खर्च न करणारा साधा स्पेल) चालते. स्पिरिच्युअल वेपन बोनस अ‍ॅक्शननं टाकला तर स्पिरिट गार्डियन्स पुढच्या टर्नला. वेपननं पुढच्या टर्नमध्ये मारणं म्हणजे नवा स्पेल टाकणं नव्हे, त्यामुळे तिथे हा नियम आड येत नाही. सॉर्सररही (उपजत जादूचं पात्र) इथेच अडकतो. क्विकन करून (अ‍ॅक्शनचा स्पेल बोनस अ‍ॅक्शननं टाकून) फायरबॉल, वर अ‍ॅक्शननं दुसरा फायरबॉल, हे जमणार नाही. फायरबॉलसोबत फायर बोल्ट जमेल. २०२४चा नियम सोपा आहे, एका टर्नमध्ये एकच स्पेल स्लॉट (कॅन्ट्रिपखेरीज स्पेल टाकायला मोजकाच मिळणारा साठा) खर्च करायचा. मला हा बदल मनापासून आवडला, कारण नवीन खेळाडूला तो एका वाक्यात समजतो.

कॉन्सन्ट्रेशनची चूक जास्त महागात पडते. २०१४च्या नियमांत सॉर्सरर ट्विन्ड स्पेल (एकाचा स्पेल दोघांवर टाकायची युक्ती) वापरून हेस्ट (वेग वाढवणारा स्पेल) दोघांवर टाकतो, पाचव्या लेव्हलला पाचपैकी तीन सॉर्सरी पॉइंट (अशा युक्त्यांना लागणारे गुण) घालवतो आणि मग पहिल्या रांगेत उभा राहतो. समोरच्यानं मॅजिक मिसाइल टाकला तर तीन बाण लागतात आणि प्रत्येक बाणाला कॉन्सन्ट्रेशन टिकवायला वेगळा सेव्ह (वीस बाजूंचा फासा टाकून बचाव). सेव्हला +५ मिळत असतील तर डीसी १०चा (किमान १० गाठायचा) एक सेव्ह ८० टक्के वेळा जमतो, पण तिन्ही ओळीनं जमण्याची शक्यता ५१ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे जवळजवळ निम्म्या वेळा हेस्ट सुटतो आणि ज्या दोघांवर तो होता, त्यांची एकेक टर्न वाया जाते, ना हालचाल ना अ‍ॅक्शन. म्हणून हेस्ट टाकला की सॉर्सररनं भिंतीआड जायचं. (२०२४मध्ये ट्विन्ड स्पेल बदललाय, हेस्टवर तो चालतच नाही.)

वॉरलॉकचा (करारातून जादू मिळवलेल्या पात्राचा) डार्कनेस (काळोख पसरवणारा स्पेल) आणि डेव्हिल्स साइट (त्या काळोखातही दिसण्याची शक्ती) हा जोड नियमात अगदी चोख बसतो, आणि तरीही टेबलावर सगळ्यात जास्त चिडचिड यातूनच होते. १५ फूट त्रिज्येच्या त्या काळोखात वॉरलॉकला सगळं दिसतं, बाकी कुणालाच काही नाही. आपल्या फायटरलाही नाही. क्लेरिकचा हीलिंग वर्ड ‘दिसणाऱ्या’ जिवावरच चालतो, त्यामुळे काळोखात पडलेला सोबती तसाच पडून राहतो. डार्कनेस एखाद्या वस्तूवर टाका आणि पार्टीपासून लांब, तिरंदाजांच्या घोळक्यात घेऊन जा. तिथे हा जोड खरंच सोनं आहे.

कॉफीलॉकबद्दल (वॉरलॉक आणि सॉर्सरर असं मिश्र पात्र) थोडक्यात: वॉरलॉकचे स्लॉट शॉर्ट रेस्टला (छोट्या विश्रांतीत) परत मिळवायचे, ते सॉर्सरी पॉइंटमध्ये बदलायचे आणि त्यातून स्लॉट साठवायचे. हे स्लॉट लाँग रेस्टला (मोठ्या विश्रांतीत) जातात, म्हणून पात्र झोपतच नाही. २०१७च्या झॅनाथार्स गाइड या नियमपुस्तकातला ऐच्छिक नियम लावला, तर २४ तास लाँग रेस्ट न घेतल्यावर कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (शरीराच्या ताकदीवरचा) नाहीतर एग्झॉस्शन (थकवा). कॅम्पेन सुरू व्हायच्या आधीच डीएमशी बोला.

माझ्या मते खरे कॉम्बो दोन खेळाडूंमध्ये असतात. ड्रुइड (निसर्गजादूचं पात्र) स्पाइक ग्रोथ (जमिनीवर काटे उगवणारा स्पेल) टाकतो, वॉरलॉक रिपेलिंग ब्लास्ट लावलेल्या एल्ड्रिच ब्लास्टनं शत्रूला काट्यांतून ढकलतो. दर पाच फुटांना २डी४ (चार बाजूंचे दोन फासे) डॅमेज. पाचव्या लेव्हलच्या एल्ड्रिच ब्लास्टच्या दोन्ही किरणांनी दहा-दहा फूट ढकललं तर ८डी४, सरासरी २०, आणि किरणांचं डॅमेज वेगळं. इथली नेहमीची चूक उभं राहण्याच्या जागेची. शत्रू तुमच्यापासून सरळ रेषेत मागे जातो, त्यामुळे तो काट्यांच्या पलीकडच्या कडेला असेल तर तुम्ही त्याला बाहेर काढून मोकळं करता. वॉरलॉकनं आधी चालून जागा बदलावी, शत्रूच्या पाठीमागे वर्तुळाचा मोठा भाग येईल असं उभं राहावं आणि मगच फासे टाकावेत.