चाइल्ड लॉक निघू नये म्हणून कसं लावायचं

मे महिन्यातली दुपार. आमचं दीड वर्षाचं पोट्टं सिंकखालच्या कपाटासमोर बसलेलं, हातात चाइल्ड लॉकचा अख्खा पट्टा. लॉक तुटलं नव्हतं, उघडलंही नव्हतं. चिकटपट्टीसकट सनमाईकवरून सुटून आलं होतं. आत फिनाइल आणि ॲसिडची बाटली. तेव्हापासून ‘चिकटवलं की झालं’ म्हणणाऱ्यांचं मी ऐकत नाही.

फिनाइल, ॲसिड, औषधं असलेल्या कपाटाला स्क्रूनं बसणारंच लॉक लावा. चिकटपट्टीचं लॉक डबे-वाट्यांच्या ट्रॉलीला ठीक.

आता चिकटवणं. मी चुकलो ते इथंच. स्वयंपाकघरातल्या सनमाईकवर फोडणीच्या तेलाचा थर बसलेला असतो. तो डोळ्यांना दिसत नाही आणि ओल्या फडक्यानं जात नाही. भांड्याच्या साबणानं पुसा, साध्या पाण्यानं पुसा, वाळू द्या, मग कापसावर स्पिरिट घेऊन पुसा. त्यानंतर तिथं बोट लावायचं नाही. आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो, त्यात गोंद मऊ पडतो. म्हणून ओट्याची, गॅसची धग लागणारी जागा टाळा आणि काम सकाळी गारव्यात करा. कूलरची दमट हवा थेट येत असेल तर तेवढा वेळ कूलर बंद. अर्धा मिनिट दाबून धरा आणि 24 तास हात लावू नका. मी पाचव्या मिनिटाला ओढून पाहिलं होतं! तोवर आतलं सामान माळ्यावर.

पट्टा ताठ हवा. सैल राहिला की दार बोटभर उघडतं, पोरगं हिसके देतं आणि दर हिसक्याला चिकटपट्टीची कड थोडी थोडी उचलली जाते. एकदा निघालेली पट्टी परत चिकटवू नका, कितीही चिकट वाटली तरी.

आतल्या बाजूला लागणारं आकड्याचं लॉक दार थोडं उघडू देतं. त्या फटीत बोट चेमटतं का, ते आपलं बोट घालून बघा.

महिन्यातून एकदा मोठ्या माणसाच्या जोरानं ओढून पाहा. पावसाळ्यात प्लायवूड फुगतं, आकडा नीट अडकत नाही. तेव्हा मुद्दाम तपासा. तडकलेलं लॉक त्याच दिवशी काढा, तो तुकडा पोराच्या घशात अडकू शकतो.

आणि लॉक असलं तरी ॲसिड वरच्या कप्प्यातच ठेवा. पोटात गेलंच तर उलटी करवू नका. 108 लावा आणि बाटली सोबत न्या.