गोळी चालू आहे, तरी बीपी चढलेलंच? या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी आईचं वरचं बीपी काही केल्या १६०च्या खाली येईना. टेल्मिसार्टन ४०ची ८० झाली, मग जोडीला अ‍ॅम्लोडिपिन आली. गोळी एक दिवस चुकत नव्हती, कारण मीच ती तिच्या हातावर ठेवत होते. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, "आजी, आणखी काय काय घेता?" आई म्हणाली, "काही नाही हो, गुडघ्याची एक गोळी, रोज रात्री." भांडुपला नाक्यावरच्या मेडिकलमधून ती सहा-सात महिने चिठ्ठीशिवाय डायक्लोफेनॅक आणत होती. घरात कुणाला पत्ता नव्हता. तिच्या लेखी औषध म्हणजे बीपीचं. दुखण्याची गोळी ही औषधात धरायचीच नसते.

डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या पेनकिलरमुळे शरीरात मीठ आणि पाणी साठून राहतं, बीपी वाढतं आणि टेल्मिसार्टन, रामिप्रिलसारख्या गोळ्यांचा जोर कमी पडतो. सोबत पाण्याची गोळीही (लघवीवाटे अंगातलं जादा मीठ-पाणी काढणारी) असेल, तर तिन्ही मिळून किडनीला इजा करू शकतात. डॉक्टरांनी ती गोळी बंद करून शेक, गुडघ्याचे व्यायाम आणि गरजेपुरती पॅरासिटामॉल सांगितली. महिन्याभरात वरचा आकडा १४०च्या आत आला.

तेव्हापासून मी ओळखीच्या प्रत्येकाला हेच सांगते: गोळी कमी पडतेय असं धरण्याआधी घरात काय काय चाललंय ते तपासा. सर्दीच्या गोळ्यांची पाकिटं उलटून बघा. फिनाइलेफ्रिन किंवा स्युडोएफेड्रिन लिहिलं असेल तर बीपीच्या माणसाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. घशासाठी रोज ज्येष्ठमध चघळायची सवय असेल, तर तीही सांगा. त्याने बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं.

नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद

ही चूक बऱ्याच घरांत होते. १२८/८० दिसलं की "आता बरं झालं" म्हणून पाकीट कपाटात जातं. तो आकडा गोळीमुळे आलेला असतो. गोळी थांबली की काही दिवसांत किंवा आठवड्यांत बीपी बहुतेक वेळा पुन्हा चढतं, आणि चढताना दुखत नाही, म्हणून कळत नाही. डोकं दुखलं तरच बीपी वाढलं असणार, हा हिशोब सोडून द्या. वजन उतरलं, मीठ कमी झालं की काहींच्या गोळ्या खरोखर कमी होतात. पण त्या डॉक्टर कमी करतात, बीपी मोजत मोजत.

गणपतीला किंवा शिमग्याला गावी जाताना ५ दिवसांच्या गोळ्या नेल्या आणि मुक्काम १२ दिवसांचा झाला, हे आमच्या चाळीत दरवर्षी घडतं. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल यांसारखी गोळी एकाएकी तुटली तर नाडी आणि बीपी उसळी घेतात, हृदयविकार असलेल्याला ते फार महागात पडू शकतं. १५ दिवसांचा जादा साठा आणि चिठ्ठीचा फोटो जवळ ठेवा. पैशांची अडचण असेल तर महापालिकेच्या दवाखान्यात जा. बीपीच्या नेहमीच्या गोळ्या तिथे मोफत मिळतात.

लोकलमुळे चुकणारी गोळी

हे कुणी डॉक्टरांना सांगत नाही, विशेषतः बायका. पाण्याची गोळी सकाळी घेतली की तास-दोन तासांत लघवीला लागते, आणि तेव्हा आपण लोकलच्या गर्दीत असतो. डब्यात सोय नाही, स्टेशनवरची नको वाटते. मग कामाच्या दिवशी गोळी गाळली जाते, म्हणजे आठवड्यातून फक्त रविवारी घेतली जाते. माझ्या एका मैत्रिणीने असं वर्षभर केलं आणि डॉक्टर बिचारे डोस वाढवत राहिले. उपाय सोपा आहे, तोंड उघडायला हवं. ऑफिसला पोचल्यावर घेतली तर चालेल का, विचारा. ब्रिटनमध्ये २१ हजारांहून जास्त रुग्णांवर झालेल्या, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या 'टाइम' अभ्यासात बीपीच्या गोळ्या सकाळी घेतल्या की संध्याकाळी, यावरून हार्ट अटॅक आणि पक्षाघाताच्या प्रमाणात फरक दिसला नाही. वेळ कोणतीही असो, रोजची हवी. फक्त पाण्याची गोळी रात्री घेतली तर झोपेचं खोबरं होतं.

तसंच त्रासाचं. अ‍ॅम्लोडिपिनने काहींचे घोटे सुजतात. रामिप्रिल, एनालाप्रिलने काहींना कोरडा खोकला लागतो आणि आपण समोरच्या बांधकामाच्या धुळीला दोष देत महिनोन्‌महिने कफ सिरप पितो. दोन्हींना पर्याय आहेत. गुपचूप बंद करू नका, बदलून मागा.

आकडाच चुकीचा

लिफ्ट बंद, चार जिने चढून आलात आणि धापा टाकत मशीन लावलंत, तर तो आकडा जिन्याचा. आधी अर्धा तास चहा, तंबाखू, मशेरी नको. लघवीला जाऊन या. खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून ५ मिनिटं गप्प बसा. पायावर पाय नको. पट्टा उघड्या दंडावर बांधा, हात छातीच्या उंचीला टेबलावर टेकवा. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर आकडा वाढून येतो. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. सकाळी गोळीआधी आणि संध्याकाळी, असं ७ दिवस वहीत लिहा. घरी सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त येत असेल तर वही घेऊन जा. ज्येष्ठांनी एकदा उभं राहूनही मोजावं. उठल्यावर भोवळ येत असेल तर ते सांगायलाच हवं.

मिठाचा हिशोब

जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाला माणशी ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे सपाट चमचाभरही नाही. चौघांच्या घरात एक किलोचं पाकीट निदान ५० दिवस पुरायला हवं. आमच्याकडे ते २५ दिवसांत संपायचं, वर पापड, लोणचं, फरसाण, पाव वेगळेच. आणि सुकट, सुके बोंबील! ते सोडवत नाहीत हे मला मान्य आहे. भिजवून पाणी टाकून द्या, वरून मीठ घालू नका आणि रोजचं प्रकरण करू नका. सैंधवही मीठच आहे. 'लो सोडियम' मिठात पोटॅशियम असतं. टेल्मिसार्टन, रामिप्रिल घेणाऱ्यांनी किंवा किडनीचा त्रास असणाऱ्यांनी ते विचारल्याशिवाय वापरू नये.

चालणं, वजन, दारू, तंबाखू यांचं तुम्हाला माहीत आहे. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चाला, एवढंच लिहिते.

१८०/१२० दिसलं तर

५ मिनिटांनी पुन्हा मोजा. तेवढंच आलं पण त्रास काही नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. शेजारी सांगतात म्हणून जिभेखाली गोळी देऊ नका. बीपी एकदम कोसळून मेंदूचा किंवा हृदयाचा रक्तपुरवठा तुटू शकतो. छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, एका बाजूची ताकद जाणं, बोलणं अडखळणं, यातलं काहीही असेल तर लगेच १०८ला फोन करा. तोवर माणसाला चालवू नका, तोंडात पाणी किंवा गोळी घालू नका, आणि लक्षणं किती वाजता सुरू झाली ते लिहून ठेवा. पक्षाघाताच्या काही रुग्णांना गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देतात. ते साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि डॉक्टर पहिला प्रश्न वेळेचाच विचारतात.