ज्येष्ठांचा जुना घसा: गृहभेटीत या चुका टाळा

“नेहमीचंच आहे, घसा धरलाय.” घरोघरी जाणाऱ्या नर्सला हे वाक्य सारखं ऐकावं लागतं. ते ऐकून घसा न बघताच पुढे जाणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. वयाबरोबर टॉन्सिल आक्रसत जातात. त्यामुळे सत्तरीतल्या माणसाचा घसा सतत दुखत असेल, तर तो जुन्या टॉन्सिलमुळेच दुखतोय असं धरून चालता येत नाही.

कवळी काढायला सांगा, जीभ हलकेच दाबा आणि टॉर्च मारून दोन्ही बाजू ताडून पाहा. मग मान चाचपा. एकच टॉन्सिल मोठा, न भरणारा व्रण, त्याच बाजूच्या कानात ठणका, मानेत गाठ, थुंकीत रक्त, घटतं वजन, किंवा तीन आठवडे उलटूनही न थांबलेलं दुखणं, यातलं एक जरी आढळलं तरी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे लगेच पाठवा. अशा वेळी अँटिबायोटिकचा आणखी एक कोर्स देऊन वाट पाहिली, तर कर्करोगाचं निदान लांबतं. तंबाखूचं व्यसन नाही म्हणूनही निर्धास्त राहू नका. एचपीव्ही विषाणूमुळे होणारा टॉन्सिलचा कर्करोग निर्व्यसनी माणसालाही होतो.

पांढरं दिसलं की पू, हीसुद्धा घाईच. दम्यासाठी स्टेरॉइडचा इनहेलर घेऊन चूळ न भरणाऱ्यांच्या तोंडात बुरशी धरते. तिचे पांढरे चट्टे बहुधा पुसले जातात आणि त्यावर अँटिबायोटिक चालत नाही, उलट बुरशी वाढते. टॉन्सिलच्या खाचेत अडकलेले पिवळट खडे पिन किंवा काडीने उकरू नका, रक्त येतं.

औषधांचा डबा स्वतः उघडून बघा. घरचे एवढंच सांगतात, “बीपीची गोळी चालू आहे.” डब्यात कार्बिमाझोल (थायरॉइडसाठी), मेथोट्रेक्सेट (संधिवातासाठी) किंवा क्लोझापिन (मानसिक आजारासाठी) असेल आणि घसा दुखत असेल, तर या औषधांनी पांढऱ्या पेशी घटू शकतात म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवून रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासून घ्या. वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना अँटिबायोटिक सुरू झालं, तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) लवकर तपासायला हवा. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल, तर आयबुप्रोफेन ही वेदनाशामक गोळी मनाने देऊ नका. पॅरासिटामॉल देतानाही ते सर्दीच्या गोळीत आधीच आहे का, हे पाहा.

ताप नाही म्हणजे संसर्ग नाही, असं म्हाताऱ्या शरीराच्या बाबतीत म्हणता येत नाही. त्यांचं रोजचं तापमानच कमी असतं; त्यापेक्षा १ अंश सेल्सियसहून जास्त वाढलं तरी दखल घ्या. अचानक गोंधळल्यासारखं बोलणं, जेवण टाकणं, तोल जाणं, ही लक्षणं तापाआधीही दिसू शकतात.

पक्षाघातानंतर गिळताना ठसका लागत असेल, तर मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगू नका. पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. दुखतं म्हणून पाणी पिणं कमी झालंय का, हे मात्र प्रत्येक भेटीत विचारा.

तोंड उघडत नाही, लाळ गिळता येत नाही, आवाज दबका झालाय किंवा श्वासाला आवाज येतोय, तर ताबडतोब रुग्णालयात न्या. वाटेत बसवूनच ठेवा. तोंडाने पाणी किंवा गोळी देऊ नका.