गाडी शिकताना या चुका टाळा: क्लच, चढण, फेरीबोट आणि गोव्याचा पाऊस

गाडी चार वेळा बंद पडली की शिकणारा मुलगा ॲक्सिलरेटरला दोष देतो, शेजारी बसलेले बाबा मुलाला दोष देतात, आणि खरं कारण असतं सीटमध्ये. ती दोन खाचा जास्त मागे सरकलेली असते. शिकाऊ चालकाची चूक दिसते एका जागी आणि तिचं मूळ असतं भलत्याच जागी. म्हणून खाली प्रत्येक चुकीबरोबर तिचं कारणही दिलं आहे. कारण कळलं नाही तर तीच चूक महिनाभर होत राहते.

बसण्यातच गडबड

क्लच पूर्ण खाली दाबा. त्या वेळी डावा गुडघा थोडा वाकलेला राहायला हवा. पाय ताठ होत असेल तर सीट पुढे घ्या. पाठ सीटला टेकवून हात सरळ पुढे केला की मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. सीट मागे असली की क्लच बोटांनी दाबावा लागतो, टाच हवेत राहते, आणि हवेतला पाय सावकाश सोडता येत नाही. तो सुटतो तो एकदमच. उंची कमी असेल तर सीट वर घ्या. ती सोय नसेल तर घट्ट बसणारी, न सरकणारी गादी ठेवा.

आतल्या आरशात मागची अख्खी काच दिसावी. बाहेरच्या आरशात आपल्या गाडीची बारीकशी कड आणि उरलेला सगळा रस्ता दिसावा. गावातल्या चिंचोळ्या वाटेवर आरसा मिटला तर मोठ्या रस्त्याला लागण्याआधी तो उघडा. अनेक जण हे विसरतात.

आणि चपला नकोत. आपल्याकडे घरातून निघताना रबरी चपलाच पायात असतात. ओल्या तळव्याची चप्पल पेडलवरून सटकते किंवा ब्रेकखाली अडकते. मागे पट्टा असलेली सँडल किंवा पातळ तळव्याचे बूट घाला.

क्लच: निम्म्या तक्रारी इथल्याच

सपाट जागा शोधा. सड्यावरचं मोकळं मैदान किंवा सुट्टीच्या दिवशी रिकामा असलेला रुंद रस्ता चालेल. समुद्रकिनारा नको. किनाऱ्यावर गाडी घालणं गोव्यात बेकायदेशीर आहे, शिवाय वाळूत चाकं रुततात आणि खारं पाणी गाडीच्या खालच्या भागाला गंज आणतं.

पहिला गिअर टाका, ॲक्सिलरेटरला पायच लावू नका. टाच जमिनीवर ठेवून क्लच अगदी हळू सोडा. एका ठिकाणी इंजिनाचा आवाज जड होतो आणि गाडीचं नाक किंचित उचलल्यासारखं वाटतं. तिथे पाय तसाच थांबवा, मनात एक-दोन-तीन मोजा, मग उरलेला सोडा. बहुतेक गाड्या सपाटीवर नुसत्या क्लचवर चालू लागतात. हे पंधरा-वीस वेळा करा आणि मगच ॲक्सिलरेटर शिका. उलट क्रमाने शिकलेली मुलं इंजिन गरगरवून गाडी उचलतात आणि ती सवय पुढे सुटत नाही.

लक्षणावरून दोष असा ओळखा. गाडी धक्का देऊन बंद पडली, तर क्लच लवकर सुटला. इंजिन ओरडतंय पण गाडी हलत नाही, तर क्लच अजून दाबलेला आहे आणि ॲक्सिलरेटर जास्त झालाय. गाडी सुरू झाली आणि मग बेडकासारखी उड्या मारत निघाली, तर थांब्याच्या जागी पाय थांबलाच नाही; क्लच पुन्हा दाबा, उड्या थांबतील, मग नव्याने सोडा. करपल्यासारखा वास आला तर हाफ क्लचवर गाडी फार वेळ तोलून धरली आहे. बाजूला थांबा, प्लेट थंड होऊ द्या.

गाडी वेगात आल्यावर डावा पाय क्लचवर ठेवून बसणं ही आणखी एक घातक सवय. पायाच्या वजनानेच क्लच थोडा दाबला जातो, प्लेट घसरते आणि झिजते. पाय डावीकडे मोकळा ठेवा.

शिकवणीच्या गाडीत शिक्षकाच्या बाजूलाही पेडल असतात. दहा दिवस गाडी सुरेख चालते आणि घरच्या गाडीत बसल्यावर काहीच जमत नाही, याचं कारण तेच: क्लच शिक्षक सांभाळत होते. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून "सर, तुमचे पाय बाजूला ठेवा, मी बघतो" असं स्पष्ट सांगा. नियमांप्रमाणे हलक्या वाहनाचं प्रशिक्षण किमान 21 दिवस आणि प्रत्यक्ष चालवणं किमान 10 तास हवं. दोघा-तिघांना एकाच फेरीत बसवत असतील, तर तुमच्या हातात स्टिअरिंग किती मिनिटं आलं ते वहीत लिहून ठेवा.

ब्रेक मारताना क्लच आणि ब्रेक एकदम दाबायची सवयही मोडून काढा. क्लच दाबला की इंजिनाचा रोध सुटतो आणि गाडी मोकळी धावते. आधी ब्रेक, आणि वेग ताशी 10-15 किलोमीटरवर आला की क्लच.

ऑटोमॅटिक गाडीत दोष वेगळा. तिथे डाव्या पायाला कामच नाही. उजव्या पायाची टाच ब्रेकच्या समोर टेकवून ठेवा आणि ॲक्सिलरेटरसाठी फक्त पंजा वळवा. पूर्ण पाय उचलून इकडून तिकडे नेणारी मुलं पार्किंगमध्ये ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबतात.

चढण, फेरीबोट आणि घाट

पणजीत आल्तिनोचा चढ असो की मडगावात मोंतचा, गोव्यात चढावर थांबून निघणं चुकत नाही. गाडी मागे घरंगळते ती भीतीने. ब्रेकवरचा पाय ॲक्सिलरेटरवर नेण्याच्या एका सेकंदात घाई होते.

म्हणून आधी हँडब्रेक ओढा. पहिला गिअर टाका. ॲक्सिलरेटर थोडा द्या, क्लच जड आवाजापर्यंत सोडा. गाडीला पुढे निघायची ओढ लागली आणि मागचा भाग किंचित दबल्यासारखा वाटला, की हँडब्रेक सोडा. तो सोडल्यावर गाडी क्षणभर जागीच उभी राहिली तर तुम्हाला जमलं. हँडब्रेक सोडल्यावर गाडी मागे आली तर घाबरून ॲक्सिलरेटर दाबू नका. ब्रेक दाबा आणि पहिल्यापासून करा. मागचा हॉर्न वाजवत असेल तर वाजवू द्या.

याची खरी कसोटी फेरीबोटीच्या धक्क्यावर लागते. दिवाडी किंवा चोडणला जाताना धक्क्याचा उतार भरती-ओहोटीप्रमाणे बदलतो. ओहोटीला पाण्याखालचा भाग उघडा पडतो आणि तो शेवाळाने बुळबुळीत असतो. तिथे जोरात ॲक्सिलरेटर दिला की पुढची चाकं जागीच फिरतात. पहिल्या गिअरमध्ये, एकाच संथ गतीने जा, मध्ये गिअर बदलू नका. पुढची गाडी पूर्ण वर चढेपर्यंत तुम्ही सपाटीवरच थांबा. ती मागे आली तर तुमच्याकडे जागा हवी. बोटीवर गेल्यावर हँडब्रेक, इंजिन बंद, पहिला गिअर. पहिल्या महिन्यात गर्दीच्या वेळची फेरी टाळा. दुपारची रिकामी बोट शिकायला उत्तम.

उतरताना वेगळाच दोष. चोर्ला किंवा अनमोडचा घाट उतरताना पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकायचा सल्ला कोणीतरी वडीलधारं देतंच. तो ऐकू नका. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि तापलेला ब्रेक पकड सोडतो. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा, म्हणजे बहुधा दुसऱ्या. चिंचोळ्या चढावर समोरून गाडी आली तर चढणाऱ्याला आधी वाट द्यायची असते.

नजर बॉनेटवर

नवा चालक गाडीच्या नाकापुढचा दोन-तीन मीटर रस्ता बघतो. त्यामुळे स्टिअरिंग सतत डावी-उजवीकडे हलतं आणि शेजारचा ओरडतो, "सरळ धर!" हात सरळ धरून ते सुटत नाही. नजर दूर, रस्ता जिथे वळतो तिथे न्या. हात आपोआप स्थिर होतात.

गावच्या वाड्यात दोन्ही बाजूंना चिऱ्यांच्या भिंती असतात आणि मध्ये जेमतेम दीड गाडीचा रस्ता. भिंतीकडे बघाल तर गाडी भिंतीकडेच जाते. जायचं त्या मोकळ्या जागेकडे बघा. समोरून मोठी गाडी आली तर आधी थांबा, मग आरसा मिटायचा की मागे जायचं ते ठरवा. चालत्या गाडीत ठरवू नका. मागे जाताना नुसत्या कॅमेऱ्यावर विसंबू नका. मान वळवून मागच्या काचेतून बघा आणि हाफ क्लचवर चालण्याच्या वेगाने जा.

उभ्या बसच्या मागून भसकन बाहेर पडू नका. बसपुढून कोणीतरी रस्ता ओलांडत असणारच. सकाळ-संध्याकाळ पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, सायकल असते, मागे टोपली बांधलेली आणि वाऱ्यात डुलणारी. तिला दीड मीटर तरी सोडा. वळणाआधी वेग कमी करा, वळणात ब्रेक मारू नका. आणि सर्कलमध्ये शिरताना आधीच आत असलेल्या गाडीचा हक्क पहिला, हे पणजीत शिरण्यापूर्वी पाठ करा.

पहिला पाऊस

मेमध्ये शिकलेली मुलं जूनमध्ये पुन्हा नवखी होतात. ताशी 60 किलोमीटर वेगाला गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते, आणि ब्रेककडे पाय जाईपर्यंत एक सेकंद सहज जातो. वेग दुप्पट केला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर साधारण चौपट होतं. कोरड्या रस्त्यात पुढच्या गाडीपासून तीन सेकंदांचं अंतर पुरतं, पावसात ते पाच-सहा करा. पहिल्या सरी सगळ्यात निसरड्या, कारण रस्त्यावरचं तेल आणि तांबडी माती तेव्हाच वर येते.

काच आतून धुरकट झाली की कापडाने पुसत बसू नका. एसी लावा, झोत काचेकडे करा, बाहेरची हवा आत येऊ द्या. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावणं चूक आहे. तुम्ही कुठे वळणार ते मागच्याला कळत नाही. हेडलाइट डिपरवर ठेवा. रस्त्यावर साचलेलं पाणी चाकाच्या मध्याच्या वर असेल तर परत फिरा. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा चालू करू नका. इंजिनात पाणी गेलं असेल तर स्टार्टर मारल्याने आतले भाग वाकतात आणि छोट्या दुरुस्तीचं काम प्रचंड वाढतं. पाण्यातून बाहेर आल्यावर ब्रेक हलकेच दोन-तीनदा दाबून वाळवा.

पावसाच्या रात्री गुरं डांबरी रस्त्यावर बसलेली असतात. काळी म्हैस दिव्यातही उशिरा दिसते. ताशी 40 च्या वर जाऊ नका.

लायसन्सची चूक महाग पडते

"अठरावं लागलं" म्हणजे अठरा पूर्ण झाली नव्हेत. सतरा पूर्ण झालेल्याला चारचाकीचं शिकाऊ लायसन्सही मिळत नाही. सोळा पूर्ण झाल्यावर पालकांच्या संमतीने मिळतं ते फक्त 50 सीसीपर्यंतच्या, गिअर नसलेल्या दुचाकीचं. घरात असलेली 110 किंवा 125 सीसीची स्कूटर त्यात बसत नाही, गिअर नसला तरी. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाने गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी 12 महिने रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातून पाव आणायला पाठवण्याआधी आईबाबांनी हा हिशेब करावा.

शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं आणि पक्क्या लायसन्सच्या चाचणीआधी 30 दिवस पूर्ण व्हावे लागतात. तोवर शेजारी लायसन्सधारक व्यक्ती हवीच, आणि गाडी थांबवता येईल अशा ठिकाणी बसलेली हवी. पुढे-मागे पांढऱ्यावर लाल एल, 18 सेंटिमीटर चौरस. हे नसताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते.

चाचणीच्या दिवशी

पट्टा, आरसा, इंडिकेटर, मान वळवून बघणं, हे सगळं तुम्ही करता पण परीक्षकाला दिसत नाही. मुद्दाम दिसेल असं करा. चाचणीच्या नियमांत चढावर थांबून मागे न घरंगळता निघणं, उतारावर झटकन खालचा गिअर टाकणं आणि मागे जात अरुंद जागेत शिरणं, तिन्ही आहेत. म्हणून आठवडाभर आधी तेवढंच रोज अर्धा तास करा. मागे जाताना वळण उशिरा सुरू झालं तर पुढे घेऊन सरळ करा, स्टिअरिंग जागच्या जागी पिळत बसू नका.

नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा जाता येतं. घरी येताच कागदावर लिहा: कुठे चुकलं, आणि त्याआधीच्या पाच सेकंदांत पाय कुठे होता, नजर कुठे होती. सराव त्या पाच सेकंदांचा करा.