ल्यूथरन मंडळीत कौटुंबिक सेवाकार्य उभे करताना

कौटुंबिक सेवाकार्याची, म्हणजे घराघरांत ख्रिस्ती शिकवण व प्रार्थना रुजवण्याच्या मंडळीच्या (चर्चच्या) कामाची, जबाबदारी नव्याने अंगावर घेणारे बहुतेक जण आधी शिबिरे आणि पालकसभांचे वेळापत्रक आखू लागतात. माझ्या मते सुरुवात ल्यूथरन पंथाचे प्रवर्तक मार्टिन ल्यूथर यांच्या 1529 सालच्या लघु प्रश्नोत्तरीपासून, म्हणजे ख्रिस्ती शिकवण प्रश्नोत्तरांतून सांगणाऱ्या छोट्या पुस्तकापासून, करावी. जर्मनीतील सॅक्सनी प्रांतातल्या मंडळ्यांची पाहणी करताना सामान्य माणसांना ख्रिस्ती शिकवणीची मूलतत्त्वेही ठाऊक नाहीत, हे पाहून त्यांनी ती लिहिली, आणि घरातील कर्त्याने हे आपल्या कुटुंबाला सोप्या रीतीने शिकवावे, असे तिच्या भागांच्या शीर्षकांतच नमूद केले. संडे स्कूल पुष्कळ नंतरचे; शिकवण्याची पहिली जागा घर होती.

आईवडिलांची खरी अडचण बहुधा अनास्थेची नसते, संकोचाची असते. मुलांसमोर मोठ्याने प्रार्थना करण्याची त्यांना सवयच नसते आणि तिथे उपदेशाचा काही उपयोग होत नाही. म्हणून मी प्रश्नोत्तरीतील संध्याकाळची प्रार्थना जाड कागदावर मोठ्या अक्षरांत छापून घरोघरी देऊ लागलो: आधी क्रुसाची खूण, मग विश्वासांगीकार (ख्रिस्ती श्रद्धेची ठरलेली कबुली) व प्रभूची प्रार्थना, हवी तर ही छापलेली छोटी प्रार्थना, आणि लगेच निश्चिंतपणे झोपी जावे, असा ल्यूथर यांचा क्रम आहे. शब्द हाताशी असले की वडील अडखळत का होईना वाचतात आणि काही दिवसांत मुलेच त्यांच्या चुका काढू लागतात.

दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्या मुलांनी आपला विश्वास स्वतः जाहीर करण्याच्या विधीच्या, तयारीवर्गाला मुलाला दाराशी सोडून जायचे, ही पालकांची रीत मोडणे सर्वांत अवघड. अधूनमधून त्यांना वर्गात बसवावे. ‘याचा अर्थ काय?’ हा प्रश्नोत्तरीत वारंवार येणारा प्रश्न पालकाने विचारावा, मुलाने उत्तर द्यावे आणि पाळकांनी (मंडळीच्या धर्मगुरूंनी) गप्प राहावे. पाळकांना हे जड जाते, पण जमते.

कुटुंब म्हणजे आईवडील आणि मुले एवढेच धरू नये. एकल पालक, नातवंडे सांभाळणारे आजीआजोबा आणि उपासनेला एकट्याच येणाऱ्या पत्नी यांचा विचार आराखड्यात पहिल्यापासून हवा.

कार्यकारिणी हजेरीचे आकडे मागेल. घरातली प्रार्थना हजेरीपटावर येत नसल्यामुळे अहवालात गृहभेटींचा आणि पालकांनी स्वतः चालवलेल्या वर्गांचा तपशील द्यावा. मुलांसोबत एकटा प्रौढ कधीही असू नये, हा नियम मात्र पहिल्या उपक्रमाआधीच लेखी मंजूर करून घ्यावा.