दाढेला कॅप बसवून घेताना

रूट कॅनल झालं, दुखायचं थांबलं, की बरेच पेशंट कॅपसाठी फिरकतच नाहीत. मग एक दिवस दाढ उभी चिरून माझ्याकडे येतात. चीर मुळापर्यंत गेली असेल तर बहुतेक वेळा दाढ काढावीच लागते. मला फार वाईट वाटतं, कारण ती वाचली असती.

कॅप कुठली, ते दाढ बघून ठरतं. मागे चावण्याचा जोर जास्त, तिथे झिर्कोनियाची (पांढरं, खूप कणखर सिरॅमिक) किंवा धातूची चांगली टिकते. धातूवर सिरॅमिक असलेली स्वस्त पडते, पण वरच्या थराचा टवका उडू शकतो. रात्री दात खायची सवय असेल तर आधीच सांगा.

दाढ घासून माप घेतलं की पक्की कॅप येईपर्यंत तात्पुरती बसवतात. त्या बाजूने चिक्की, सुपारी नको. फ्लॉस (दातांच्या फटी साफ करायचा दोरा) उभा ओढू नका, बाजूने सरकवून काढा.

पक्की बसवताना, ती कुठे टेकते ते बघायला मी निळा कागद चावायला देते. नीट चावा, जबडा डावीउजवीकडे सरकवा. कॅप बाकी दातांच्या जराशीही आधी टेकत असेल तर लगेच सांगा. बधिरपणा उतरल्यावर जाणवलं तर दुसऱ्या दिवशी या. ‘होईल सवय’ म्हणून सोडलेली उंच कॅप दाढ दुखवते.

कॅप किडत नाही, तिच्या कडेखालचा दात किडतो. ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरा. कॅप निघालीच तर फेविक्विक लावू नका, डबीत घालून घेऊन या.